स्वयंरोजगार करणाऱ्या व्यक्तींचे आयकर नियोजन : नाशिक परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
भारतात आयकराचा प्रारंभ १८६० मध्ये जेम्स विल्सन यांच्या अर्थसंकल्पाने झाला. १९२२ व १९६१ च्या कायद्यांनी त्याला आजचे स्वरूप दिले. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ हा १९६१ च्या कायद्याची जागा घेतो. या दीर्घ वाटचालीत एक भेद मात्र कायम राहिला आहे. नोकरदाराचे उत्पन्न पगारपत्रकात ठरते व कर तेथेच कापला जातो. स्वयंरोजगार करणाऱ्याला आपले उत्पन्न किती, हे स्वतःच निश्चित करावे लागते. नाशिक परिसरात अशा व्यक्तींची विविधता मोठी आहे. सातपूर व अंबड येथील लघुउद्योजक, शहरातील डॉक्टर, वकील व वास्तुविशारद, लासलगावच्या कांदा बाजारातील आडते, येवल्याचे पैठणी विणकर आणि निफाड-दिंडोरी भागात द्राक्षबागेबरोबरच दुकान चालविणारे शेतकरी हे सर्व या वर्गात मोडतात. करबचत म्हणजे मार्च महिन्यात विमा पॉलिसी घेणे, असा समज त्यांच्यातही रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे.

उद्दिष्टे :
१) अनुमानित करआकारणीच्या तरतुदी समजून घेणे.
२) जुन्या व नव्या करप्रणालीची उदाहरणाद्वारे तुलना करणे.
३) शेती व व्यवसाय अशा मिश्र उत्पन्नावरील कराचे स्वरूप स्पष्ट करणे.

लेखातील दर वित्तीय वर्ष २०२५-२६ चे व कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असून अनुमानित करआकारणीच्या तरतुदी कलम ५८ मध्ये एकत्र केल्या आहेत.

अनुमानित करआकारणी :
लहान व्यावसायिकाला सविस्तर हिशेबपुस्तके ठेवणे अवघड जाते, हे ओळखून कायद्याने ही सोय केली आहे. कलम ४४ एडीनुसार २ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यवसायाचे उत्पन्न उलाढालीच्या ८ टक्के धरले जाते. बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर हा दर ६ टक्के आहे. रोखीची जमा ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसेल, तर उलाढालीची मर्यादा ३ कोटी होते. अंबडमधील एखाद्या कारखानदाराची ६० लाखांची उलाढाल पूर्णतः बँकेतून झाली, तर अनुमानित उत्पन्न ३ लाख ६० हजार होते. तीच रोखीने झाल्यास ४ लाख ८० हजार होते.

डॉक्टर, वकील, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल आदी व्यावसायिकांना २०१६ च्या वित्त कायद्याने आणलेले कलम ४४ एडीए लागू होते. त्यात ५० लाखांपर्यंतच्या (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंतच्या) जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते. दलाली वा कमिशनवर चालणाऱ्या व्यवसायाला मात्र कलम ४४ एडी लागू नाही. म्हणून केवळ आडतीवर काम करणाऱ्या आडत्याला किंवा विमा एजंटाला हा मार्ग बंद आहे.

येथे दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. पहिली, ही टक्केवारी किमान आहे. प्रत्यक्ष मिळकत त्याहून अधिक असल्यास अधिक रक्कम दाखविण्याची तरतूद त्याच कलमांत आहे. दुसरी, कलम ४४ एडी स्वीकारून पुढील पाच वर्षांच्या आत सोडल्यास त्यानंतर पाच वर्षे ते पुन्हा वापरता येत नाही. नवी यंत्रे घेतल्याने घसारा व व्याज वाढणार असेल, तर हा निर्णय आधीच विचारपूर्वक घ्यावा. तोटा पुढील आठ वर्षांच्या नफ्यातून वजा करून घेण्यासाठी हिशेबपुस्तके आणि विहित मुदतीत विवरणपत्र या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

जुनी प्रणाली की नवी? :
नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. त्यापुढे प्रत्येकी ४ लाखांच्या टप्प्याला अनुक्रमे ५, १०, १५, २० व २५ टक्के आणि २४ लाखांवर ३० टक्के दर आहे. एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास ६० हजारांपर्यंत करसूट मिळते. नोकरदाराला मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट स्वयंरोजगार करणाऱ्याला नाही.

एका वास्तुविशारदाची वस्तू व सेवा कर वगळता जमा २४ लाख व कलम ४४ एडीएनुसार उत्पन्न १२ लाख आहे, असे मानू. नव्या प्रणालीत त्याचा कर ६० हजार येतो व करसुटीमुळे शून्य होतो. जुन्या प्रणालीत त्याने ८० सीखाली दीड लाख, राष्ट्रीय पेन्शन योजनेत ५० हजार व आरोग्य विम्यात २५ हजार गुंतविले, तरी ९ लाख ७५ हजारांवर उपकरासह १ लाख ११ हजार ८०० रुपये कर भरावा लागतो. म्हणजे सव्वादोन लाख अडकवूनही कर वाचत नाही, उलट वाढतो. उत्पन्न २० लाख असल्यास जुनी प्रणाली फायद्याची ठरण्यासाठी सुमारे ७ लाख ८ हजारांहून अधिक वजावटी लागतात. विमा व भविष्यासाठी बचत अवश्य करावी. पण ती गरजेनुसार करावी, करासाठी नव्हे. तसेच व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याने जुनी प्रणाली निवडून नंतर सोडली, तर व्यवसाय चालू असेपर्यंत तिच्याकडे परतता येत नाही.

शेती व व्यवसाय :
शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, हे खरे. परंतु ते कराचा दर ठरविताना विचारात घेतले जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. कृषी सेवा केंद्रातून १४ लाख आणि द्राक्षबागेतून निव्वळ ५ लाख मिळविणाऱ्या व्यक्तीचा विचार करू. प्रथम १९ लाखांवरील कर काढतात. तो १ लाख ८० हजार येतो. मग शेतीचे ५ लाख व करमुक्त मर्यादेचे ४ लाख अशा ९ लाखांवरील ३० हजार वजा होतात. उपकराआधीचा कर १ लाख ५० हजार राहतो. शेती नसती तर तो ९० हजार झाला असता. दुकानाचा नफा शेतीच्या नावे दाखविणे हा गुन्हा आहेच. म्हणून सातबारा, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या आणि औषध-खतांची बिले जपून ठेवावीत.

खर्च, पुरावा व तारखा :
हिशेबपुस्तके ठेवणाऱ्यास जागेचे भाडे, वीज, कर्जावरील व्याज, संगणकावरील ४० टक्के घसारा आणि महाराष्ट्रातील वार्षिक २,५०० रुपयांचा व्यवसाय कर वजा करता येतो. मात्र एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च सामान्यतः नाकारला जातो. उद्गम करकपात झाल्यानंतरही १० हजार वा अधिक कर उरत असेल, तर अग्रिम कर भरणे बंधनकारक आहे. अनुमानित पद्धतीत तो १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात, तर इतरांनी जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च महिन्यांच्या १५ तारखांना भरावा. विलंबास दरमहा १ टक्का व्याज पडते. वरील वास्तुविशारदाच्या शुल्कातून १० टक्के करकपात झाली असेल, तर ती रक्कम विवरणपत्र भरल्यावरच परत मिळते.

निष्कर्ष :
१) बचतीचा मुख्य आधार गुंतवणूक नसून उत्पन्न-निश्चितीची योग्य पद्धत हा आहे.
२) मध्यम उत्पन्नाच्या बहुतांश स्वयंरोजगार करणाऱ्यांना नवी प्रणाली लाभदायक ठरते.
३) बँकेतून होणारे व्यवहार अनुमानित उत्पन्न कमी करतात व पुरावाही निर्माण करतात.

समारोप :
करनियोजन कायद्याच्या चौकटीत राहून केले जाते, करचुकवेगिरी ती चौकट मोडून. उत्पन्न कमी दाखविणाऱ्याला त्याची किंमत पुढे मोजावी लागते. गृहकर्जाच्या वेळी बँक विवरणपत्र मागते. रस्ता अपघातात कर्ता माणूस गेल्यास मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे त्याच्या मिळकतीचा महत्त्वाचा पुरावा म्हणून हेच विवरणपत्र पाहिले जाते. ज्याला पगारपत्रक नाही, त्याच्या कष्टाची अधिकृत नोंद विवरणपत्रातच राहते. म्हणून ते प्रामाणिकपणे, सनदी लेखापालाच्या सल्ल्याने व वेळेवर भरणे हे कुटुंबाच्या हिताचेही आहे.