गावशाळांची तुलना कशी करावी?
मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत अलिबाग तालुक्यातील लहान गावांत जिल्हा परिषदेच्या दोन शाळांची तुलना निव्वळ निकालाच्या टक्केवारीवरून करणे फसवे ठरते. २० मुलांच्या शाळेत एक मूल मागे पडताच टक्केवारी ५ ने घसरते. १०० मुलांच्या शाळेत १ ने. हा दोष गणिताचा, गुरुजींचा नव्हे. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंतच्या पटास दोनच शिक्षक. म्हणजे एकेका शिक्षकास दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. तेव्हा तेच मूल जूनमध्ये किती वाचत होते व एप्रिलमध्ये किती वाचते, हे शाळा व्यवस्थापन समितीने पाहावे. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. कमी पटाच्या शाळेविषयी निर्णय घेताना दुसरी शाळा एक किलोमीटरच्या आत आहे काय, वाटेत खाडी लागते काय, हेही तपासणे अगत्याचे आहे.