उरलेल्या पैशाचा हिशेब

महिन्याची अखेर आली की आपण बायका काय करतो? डाळीच्या डब्यात ठेवलेल्या नोटा काढतो आणि उरल्यासुरल्या पैशाचं काय करायचं ते ठरवतो. त्यातून कधी पोरांच्या वह्या येतात, कधी सासूबाईंचं औषध. उरलेला म्हणून तो पैसा कुणी उधळत नाही. मग गावाच्या उरलेल्या पैशाबाबत आपण गप्प का बसतो?

हा प्रश्न मला पडला धारणी तालुक्यातल्या एका ढाण्यावर, जानेवारी 2023 मध्ये. बचत गटाच्या कामासाठी माझं तिथं जाणं-येणं असतं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला सभा भरली होती. अंगणवाडीच्या ओसरीत वीस-बावीस जणी बसलेल्या. ग्रामसेवकांनी वाचून दाखवलं : रस्त्याचं काम मंजूर रकमेपेक्षा कमीत झालं, ऐंशी हजारांच्या आसपास शिल्लक आहे, त्यातून वेशीवर कमान उभारायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा! तेवढ्यात मागून एक म्हातारी कोरकू बाई म्हणाली, "कमानीतून पानी येईन का बाई?"

सगळ्या हसल्या. मला मात्र हसू येईना. समोरचीच हापशी दिवाळीपासून बंद होती. उन्हाळा लागला की याच बायका गुंड घेऊन नाल्यात झिरे खोदायला जातात. त्यांत एक सात महिन्यांची गरोदरही होती. तिच्याकडे पाहून मला माझ्या डोलावलेल्या मानेची लाज वाटली.

मग मी ग्रामसेवकांना विचारायला लागले. बी.ए. झालेली मी, पण 'बंधित' आणि 'अबंधित' म्हणजे काय, हे त्या दिवशी कळलं. पंधराव्या वित्त आयोगाचा केंद्राचा पैसा 2021-22 ते 2025-26 या काळासाठी ग्रामपंचायतींना ठरला होता. त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. 40 टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता. पगार आणि कार्यालयाच्या खर्चाला मात्र नाही. आमची शिल्लक अबंधितातली होती. म्हणजे ती हापशीकडे वळवायला अडचण नव्हती, फक्त ग्रामसभेचा ठराव हवा होता आणि आराखड्यात बदल.

धारणी आणि चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके. इथं पेसा कायद्यानं ग्रामसभेला जास्तीचा अधिकार दिलाय. शिवाय 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी इथल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला. अधिकार कागदावर आहे, पण तो वापरायला सभेत तोंड उघडावं लागतं.

नाही उघडलं तर दुसरं कुणी ठरवतं. आठवतं ना, 2020 साली कोरोनाच्या काळात चौदाव्या वित्त आयोगाच्या पैशावर साठलेलं व्याज राज्य सरकारनं आर्सेनिक अल्बमच्या गोळ्यांसाठी जिल्हा परिषदेकडे भरायला सांगितलं होतं. तेव्हा कितीतरी गावांना आपल्या खात्यावर व्याज आहे हेच पहिल्यांदा समजलं असेल! तिकडे अमेरिकेतही कोरोना मदतीचे 350 अब्ज डॉलर राज्यांना आणि शहरांना मिळाले. पैसा कशाला वापरायचा ते 2024 अखेरपर्यंत पक्कं करा, 2026 अखेरपर्यंत खर्च करा, अशी अट होती. म्हणजे उरलेल्या पैशावर वाद घालणारे आपण एकटेच नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत आमच्या महिला सभेचा ठराव मांडला. एक जण म्हणाला, "हापशी काय कधीबी दुरुस्त होते. कमान राहिली त गावाचं नाव राहते." तीच म्हातारी पुन्हा उठली. "नाव प्यून जगशीन का रे?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. थोडी कुरकुर झाली, पण हात वर झाले ते बायकांचेच जास्त. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हापशी सुरू झाली. उरलेल्या रकमेतून अंगणवाडीपर्यंत नळी टाकून टाकी बसवली.

सगळंच चांगलं झालं असं नाही. मे महिन्यात पाणी खाली गेलं आणि शेवटचे पंधरा दिवस पुन्हा टँकरची वाट बघावी लागली. पण त्याआधीचे दोन महिने बायकांना नाल्यात उतरावं लागलं नाही. ती गरोदर मुलगी एप्रिलमध्ये सुखरूप बाळंत झाली.

मैत्रिणींनो, ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं जा, आणि एवढंच विचारा : मागच्या कामातलं किती उरलं? ते कशाला वापरणार? तुमच्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराजवर कुणालाही बघता येतो. घरातल्या शिकत्या पोरीला मोबाइलवर काढून द्यायला सांगा. समजलं नाही तर समजेपर्यंत विचारा. घरातला रुपया न् रुपया आपण जपतोच, गावाचाही आपलाच आहे.