रद्दी विकण्याआधी

महिनाअखेरीला वाकडच्या कुठल्याही सोसायटीत दाराआड हेच दिसतं: वर्तमानपत्रांचा गठ्ठा, मुलांच्या संपलेल्या वह्या, कुरिअरच्या खोक्यातला खाकी कागद, जुनी कॅलेंडरं आणि लग्नाच्या पत्रिका. ते सगळं आपण किलोवर विकतो आणि सुट्टीत मुलं मोबाइल सोडत नाहीत म्हणून वैतागतो. या गठ्ठ्यातच त्यांच्या हातांना काम आहे.

कागदाशी आपलं नातं जुनं आहे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामध्ये कागजीपुरा नावाचं गाव आहे. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात आलेल्या कागद कारागिरांनी ते वसवलं, असं सांगतात. ही कागजी घराणी चिंध्या भिजवून, कुटून, लगदा जाळीवर उचलून कागद बनवत. पुण्याच्या कसबा पेठेतही कागदीपुरा आहे.

आपल्या काळातलं उदाहरण अरविंद गुप्ता यांचं. आयआयटी कानपूरला शिकलेल्या या इंजिनिअरने 1970च्या दशकात पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी केली. पुढे ती सोडून त्यांनी मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी बनवली. वर्तमानपत्राच्या टोप्याही त्यांत आल्या. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही मोफत वाचता येतात.

आधी कागद निवडा

गठ्ठा उघडल्यावर पहिलं काम मोठ्यांनी करावं. उर्दू वर्तमानपत्रं, कॅलेंडरं आणि पत्रिकांवर आयत, हदीस किंवा अल्लाहचं नाव असतं. ते कागद अदबीने वेगळे ठेवा. त्यांची खेळणी किंवा कुंड्या करू नका. मुलांना कारणही सांगा.

उरलेल्यांत कॅलेंडरचा जाड कागद पाकिटांना, वहीचा कागद घड्यांना आणि वर्तमानपत्र रोपांना वापरा. वर्तमानपत्रात भजी, समोसे किंवा इफ्तारचा कुठलाही पदार्थ मात्र ठेवू नका. छपाईची शाई अन्नात उतरते.

ईदीचं पाकीट

कॅलेंडरच्या पानाचा 25 सेंटिमीटरचा चौकोन कापा. एक कोपरा वर येईल असा तिरका ठेवा. डावा आणि उजवा कोपरा मध्यावर आणून दुमडा. खालचा कोपरा मध्याच्या थोडा वर येईल असा दुमडून खळीने चिकटवा. वरचा कोपरा झाकण होईल. पाचशेची नोटही यात न दुमडता बसते.

पेन्सिलींचा पेला

चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा जुळवून दुमडा, त्रिकोण होईल. लांब बाजू खाली ठेवा. खालचा डावा कोपरा समोरच्या बाजूला असा टेकवा, की दुमडलेल्या भागाची वरची कड तळाला समांतर राहील. उजव्या कोपऱ्याचंही तसंच करा. वरच्या टोकाचे दोन पदर उरतील. एक पुढच्या खिशात खोचा, दुसरा मागे दुमडा. तोंड उघडलं की पेला तयार. लहान मुलांना सहज जमतो.

रोपाची कुंडी

वर्तमानपत्राची रुंद पट्टी ग्लासभोवती दोन-तीन वेढे गुंडाळा. ग्लासच्या तळाबाहेर उरलेला कागद आत दुमडून दाबा आणि ग्लास काढून घ्या. कुंडीत माती भरून मिरची किंवा टोमॅटोचं बी पेरा. रोप वाढलं की कागदासकट मोठ्या कुंडीत लावा. कागद मातीत विरतो आणि मुळं दुखावत नाहीत.

पहिल्या घड्या वाकड्या येतील. आपण त्या हातातून काढून घेऊन सरळ करू नयेत. मुलाने स्वतः उलगडून पुन्हा घालाव्यात. येत्या ईदला दादी-नानीकडून ईदी घेताना, पाकीट आपणच केलेलं आहे हे त्याला ओळखू येईल.