मोसमी वारे आणि माहीमचे मखदूम
(इस्लामी इतिहास आणि संस्कृती : एक ओळख – लेखांक ९)

गेल्या आठवड्यात आपण बगदादला होतो, खलिफा मामूनच्या काळातल्या भाषांतरकारांच्या संगतीत. या वेळी लांब जायचं नाही. शिवाजी पार्कहून माहीमच्या दिशेने चालू लागलात की अर्ध्या तासात जिथे पोचाल, तिथली ही हकीकत आहे.

महाराष्ट्राचा इस्लामशी संबंध शाळेत आपण शिकलो तो अल्लाउद्दीन खिलजीच्या १२९६च्या देवगिरीवरील स्वारीपासून. ती स्वारी खरी, तिचे घावही खरे. पण कोकण किनाऱ्यावर तोवर मुसलमानांची वस्ती होऊन पावणेचारशेहून अधिक वर्षं लोटली होती. ही माणसं गलबतांतून आली होती, व्यापारासाठी.

ती इथे का राहिली, हे कळायला आपल्या रोजच्या बोलण्यातला एक शब्द पुरतो : मोसम. मूळ अरबी 'मौसिम', म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. नैर्ऋत्येचा वारा गलबतांना आपल्याकडे आणतो आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा त्यांना परत नेतो. मधले महिने बंदरातच काढायचे. माल उतरवायचा, विकायचा, नवा भरायचा आणि वारा फिरायची वाट पाहायची. वाट पाहता पाहता काहींनी घरं बांधली, लग्नं केली. कोकणातला मुसलमान समाज बराचसा या वाट पाहण्यातूनच उभा राहिला, असं मला वाटतं.

इ.स. ९१६च्या सुमारास अल-मसूदी हा बगदादचा इतिहासकार चौलला येऊन गेला. चौलला तो 'सैमूर' म्हणतो. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. कुणी ओमानचे, कुणी सिराफचे, कुणी बसऱ्याचे. आणि इथेच जन्मलेलेही, ज्यांना 'बयासिरा' म्हणत. वर सत्ता राष्ट्रकूटांची, किनाऱ्यावर शिलाहारांची. मुसलमानांचे आपसांतले तंटे मिटवायला त्यांच्यातलाच एक जण प्रमुख नेमलेला असे. आकडा मसूदीने थोडा फुगवला असेल असं धरलं, तरी वस्ती लहान नव्हती.

मला मात्र मसूदीपेक्षा मोलाचा वाटतो तो पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला संस्कृत ताम्रपट. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६चा. राजा राष्ट्रकूट तिसरा इंद्र. संजाण मंडलावर त्याचा अधिकारी 'मधुमती', वंशाने ताजिक, म्हणजे अरब. 'मुहम्मद' हे नाव संस्कृतात शिरताना असं गोड होऊन गेलं! या मधुमतीने नदी ओलांडायला फुकट नावेची सोय केली, अन्नछत्र घातलं. तिथे येणाऱ्याला भात, कालवण आणि तूप मिळे. त्याच्याच अमदानीत एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन दिली गेली. हा ताम्रपट शाळेच्या पुस्तकात खिलजीच्या आधीच्या पानावर असायला हवा होता.

आता माहीम. अशाच दर्यावर्दी अरबांच्या वंशातल्या नवायत कुळात १३७२ साली मखदूम अली माहिमी जन्मले. १४३१ साली ते वारले, तेव्हा माहीमवर गुजरातच्या सुलतानांचा अंमल होता. आपण त्यांना 'मखदूमबाबा' म्हणून ओळखतो, नवसाला पावणारे पीर म्हणून. पण ते आधी ग्रंथकार होते. त्यांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिलं. अशा भाष्याला 'तफसीर' म्हणतात. आपण ज्ञानेश्वरीला गीतेवरची टीका म्हणतो, तशी ही टीका.

तिचं वैशिष्ट्य सांगण्याजोगं आहे. कुराणात ११४ अध्याय, आणि एक सोडून प्रत्येकाच्या आरंभी 'बिस्मिल्लाह', परम कृपाळू ईश्वराचं नाव. शब्द तेच. मखदूम मात्र दर वेळी त्या शब्दांचा नवा अर्थ उलगडतात, पुढे येणाऱ्या अध्यायाच्या आशयाला धरून. एका आयतीतून, म्हणजे वचनातून, दुसरी कशी निघते, याचा धागाही ते शेवटपर्यंत सोडत नाहीत. माहीमसारख्या बेटावर लिहिलेला हा ग्रंथ १९व्या शतकात कैरोला छापला गेला.

त्यांचा दुसरा ध्यास इब्न अरबी. हा तत्त्वज्ञ स्पेनमधल्या मुर्सियाचा, १२४० साली दमास्कसला वारला. सगळं अस्तित्व एकच, हा त्याचा विचार. मखदूमांनी त्याच्या ग्रंथावरही भाष्य केलं. स्पेनमधून निघालेला विचार दोनशे वर्षांच्या आत माहीमच्या खाडीकाठी पोचला होता.

या सागरी नात्याची आणखी एक खूण आजही दिसते. उत्तर हिंदुस्थानातले बहुतेक सुन्नी मुसलमान धर्मशास्त्रात हनफी परंपरा मानतात, कोकणी मुसलमान शाफई. हीच शाफई परंपरा येमेनच्या किनाऱ्यावर, पूर्व आफ्रिकेत, केरळच्या मोपल्यांत आणि इंडोनेशियात आढळते. नकाशावर ही ठिकाणं जोडून पाहा, जुना सागरी मार्ग आपोआप उमटतो.

डिसेंबरात माहीमची दहा दिवसांची जत्रा भरते. मानाची पहिली चादर मुंबई पोलीस चढवतात. रांगेत हिंदू बायका असतात, लेकरांना कडेवर घेतलेली माणसं असतात. बाबा ऐकतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं. बाबांनी लिहिलं काय, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नाही.

पुढच्या आठवड्यात : इब्न अरबीचं अंदालुसिया.