मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील प्रौढ शिक्षण व नेतृत्वविकास

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील प्रौढ शिक्षण व नेतृत्वविकास म्हणजे मंडळीच्या वयात आलेल्या सभासदांना दिले जाणारे अक्षरज्ञान, शास्त्राभ्यास, उपासना चालविण्याचे व मंडळीचा कारभार पाहण्याचे शिक्षण, आणि त्यातून पाळक, उपदेशक, वडील, सेवक, पंच व महिला मंडळांच्या चालक घडविण्याची प्रक्रिया होय. 'मंडळी' हा शब्द येथे इमारतीसाठी नव्हे, तर श्रद्धावंतांच्या स्थानिक समुदायासाठी वापरला आहे. महाराष्ट्रात या कार्याचा पाया एकोणिसाव्या शतकात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे घातला गेला. मराठवाड्यातील, विशेषतः धाराशिव जिल्ह्यातील लहान व विखुरलेल्या मंडळ्यांत हा प्रश्न आजही वेगळ्या स्वरूपात उभा आहे.

पार्श्वभूमी

प्रौढांना शिकविणे ही ख्रिस्ती धर्मपरंपरेतील जुनी प्रथा आहे. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या प्रौढाला आधी ठरावीक काळ शिकवणूक दिली जात असे. आधुनिक अर्थाने प्रौढांची शाळा मात्र औद्योगिक इंग्लंडमध्ये जन्मली. १७९८ मध्ये नॉटिंगहॅम येथे कामकरी स्त्रियांसाठी अशी शाळा निघाली व तिचे मुख्य पाठ्यपुस्तक बायबल हेच होते. डेन्मार्कमध्ये पाद्री ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ मध्ये रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय सुरू झाले. शेतकऱ्याच्या प्रौढ मुलाला परीक्षेसाठी नव्हे, तर नागरिक म्हणून जगण्यासाठी शिकवावे, ही त्यामागची कल्पना होती.

अमेरिकन मराठी मिशन व स्थानिक नेतृत्वाचा प्रश्न

अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये अहमदनगरचे केंद्र सुरू झाले आणि १८४२ मध्ये तेथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सोडलेल्या प्रौढ वाचकाच्या हाती नियमितपणे मजकूर देणारे साधन म्हणून 'ज्ञानोदय'चे महत्त्व मोठे आहे.

१८५४-५५ मध्ये बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः चालवावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा व प्रसारही स्वतःच करावा, हे त्यांचे मत होते. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, हरिपंत रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. अँडरसन यांच्या धोरणाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. त्यामुळे मराठीतून शिक्षणावर भर आला, पण मिशनच्या इंग्रजी शाळांना ओहोटी लागली. जे तरुण इंग्रजी शिकून मिशनऱ्यांच्या बरोबरीने बसू शकले असते, त्यांची वाट काही काळ अरुंद झाली. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व योग्यच. परंतु निर्णयाच्या बैठका ज्या भाषेत होतात ती भाषा स्थानिक माणसाला न देता नेतृत्व मात्र त्याच्याकडे सोपवायचे, ही विसंगती त्यात होती.

१८७८ मध्ये रॉबर्ट अॅलन ह्यूम यांच्या पुढाकाराने अहमदनगर येथे ईश्वरविद्यालय स्थापन झाले. १८७६-७८ व पुढे १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांच्या आगेमागे महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांपैकी बहुतेक प्रौढांना अक्षरओळख नव्हती. अशा गावांत मिशनचा शाळामास्तर हाच दिवसा मुलांचा शिक्षक, रात्री प्रौढांचा वाचक आणि रविवारी उपदेशक असे. पत्र वाचून दाखविणे, अर्ज लिहिणे, सावकाराचा कागद तपासणे ही कामेही त्याच्याकडेच येत. गावातील ख्रिस्ती नेतृत्वाचा पहिला खरा नमुना हा मास्तर होय. त्याचा पगार मात्र मिशनकडून येई, आणि पगार जेथून येतो तेथेच निष्ठा बांधली जाते, ही अडचण शेवटपर्यंत सुटली नाही.

कीर्तनाचा उपयोग

निरक्षर प्रौढांसाठी पुस्तकापेक्षा कीर्तन प्रभावी ठरले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी हा प्रकार मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजविला. पूर्वरंग, उत्तररंग, अभंग व साकी यांची घडण श्रोत्यांच्या कानांत आधीपासूनच होती, त्यामुळे नवा आशय लक्षात ठेवणे सोपे जाई. कीर्तनकार, झांजवाला व साथीदार यांच्या चमूत राहून अनेकांना सभेपुढे उभे राहण्याचा सराव झाला, हा त्याचा अनुषंगिक लाभ.

नारायण वामन टिळक (१८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा) यांनी ही परंपरा पुढे नेली. ते अहमदनगरच्या ईश्वरविद्यालयात शिकवीत. मिशनच्या वेतनावर अवलंबून असलेले नेतृत्व समाजाला परके वाटते, हे त्यांचे निरीक्षण होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली व 'देवाचा दरबार' ही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची बिरादरी सुरू केली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग वाढला नाही.

स्त्रिया

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे आहे. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर, पतीच्या लहरी शिकवणुकीतून व पुढे स्वतःच्या हिमतीने शिकल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे लिहून काढले आणि 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठी साहित्याला दिले. प्रौढ शिक्षणाची चर्चा करताना शिक्षकाचा विचार फार होतो. शिकणाऱ्याच्या बाजूने पाहायचे तर 'स्मृतिचित्रे' वाचावे.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले व पुढे केडगाव येथे मुक्ती मिशन उभारले. दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांना तेथे अक्षरज्ञानाबरोबर शेती, विणकाम व छपाई शिकविली जाई. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या मराठी बायबलाचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळविले.

याशिवाय मिशनच्या नोंदींत 'बायबल बाई' म्हणून येणाऱ्या स्त्रिया घरोघर जाऊन वाचून दाखवीत व शिकवीत. पुरुष उपदेशकाला न उघडणारी दारे त्यांना उघडत. तरीही पाळकपद स्त्रियांना फार उशिरा खुले झाले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मान्य केले. कॅथॉलिक चर्चमध्ये स्त्रियांना याजकपदाची दीक्षा दिली जात नाही.

विसाव्या शतकातील बदल

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चपरंपरांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. त्यात स्थानिक मंडळीचा कारभार पाळक व निवडून आलेले सभासद यांच्या पास्टरेट कमिटीकडे असतो. त्यामुळे सभा चालविणे, इतिवृत्त लिहिणे व हिशेब मांडणे हे सामान्य सभासदासाठीही आवश्यक शिक्षण झाले.

कॅथॉलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना लोकभाषेत आली व प्रापंचिकांच्या जबाबदारीवर भर दिला गेला. वसईकडील 'सुवार्ता' मासिकाने मराठी कॅथॉलिक वाचकांच्या विचारशिक्षणाचे मोठे काम केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) हे १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादक होते.

निवासी विद्यालयात तीन-चार वर्षे घालविणे शेतकऱ्याला किंवा नोकरदाराला शक्य नसते. यावर उपाय म्हणून १९६३ मध्ये ग्वाटेमाला येथे विस्तारित ईश्वरविद्या शिक्षण सुरू झाले. विद्यार्थी घरी स्वयंअध्ययनाचे पुस्तक वाचतो, आठवड्यातून एकदा मार्गदर्शकासह गटात बसतो आणि शिकलेले आपल्या मंडळीत लगेच वापरून पाहतो. भारतात या पद्धतीची संस्था १९७१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. यातील सर्वांत नाजूक दुवा आठवड्याची बैठक हा होय. ती चुकू लागली की उरते ते केवळ पोस्टाने आलेले पुस्तक. यवतमाळ येथील युनियन बिब्लिकल सेमिनरी ही निवासी संस्था १९८३ मध्ये पुण्यात आली.

प्रौढांच्या शिकण्याविषयीचा विचारही याच काळात बदलला. ब्राझीलचे पाउलो फ्रेरी यांनी निरक्षर माणूस हे भरावयाचे रिकामे भांडे नव्हे, असे प्रतिपादन केले. १९७० नंतरचे दशक त्यांनी जिनिव्हा येथे जागतिक चर्च परिषदेत काम केले व त्यांचे विचार चर्चच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचले.

धाराशिव जिल्हा

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. अमेरिकन मराठी मिशनची सोलापूर व बार्शी ही केंद्रे शेजारीच, परंतु ब्रिटिश मुलखात होती. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी आहे. तीही मुख्यतः मुंबई, वसई, पुणे व अहमदनगर या भागांत एकवटलेली असल्याने धाराशिवमधील प्रमाण अत्यल्प आहे. मराठवाड्यासाठी कॅथॉलिक चर्चचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचाही मराठवाडा धर्मप्रांत आहे.

जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा गावांत प्रौढांचा कोणताही वर्ग, मग तो साक्षरतेचा असो वा शास्त्राभ्यासाचा, वर्षाच्या मध्येच मोडतो. पेरणीच्या दिवसांतही वर्ग भरत नाही. शहरी वेळापत्रकाप्रमाणे आखलेले अभ्यासक्रम येथे टिकत नाहीत. लहान, सुटे व पुन्हा सुरू करता येतील असे पाठच उपयोगी पडतात.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटो यांना मिळाले. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच लाभला. त्यांच्या निवडीला काही गटांनी विरोध केला होता.

मंडळीत तयार झालेले नेतृत्व सार्वजनिक जीवनात येण्याला एक कायदेशीर मर्यादा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती धर्मांतरितांचा झालेला नाही. परिणामी मंडळीच्या कमिटीत सभा चालवायला शिकलेल्या दलित ख्रिस्ती व्यक्तीला गावच्या ग्रामपंचायतीत अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या जागेवर उभे राहता येत नाही, आणि उभे राहायचे तर कागदोपत्री धर्म लपवावा लागतो. या प्रश्नाच्या तपासणीसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.