सुईच्या टोकाएवढी साक्ष

पावसाळ्यात गोरेगावातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे रांग असते ती खोकल्याची. तीन वर्षांच्या मुलाला ताप, धाप आणि एक्स-रेत छातीच्या एका बाजूला पांढरा डाग दिसला, की आधी न्यूमोनिया, मग टीबी असाच विचार होतो आणि तो रास्तही असतो. बहुतेक डाग औषधानं विरतात. एखादा विरत नाही. मग सीटी स्कॅन होतो आणि आईबाप धीम्या लोकलनं प्रभादेवी गाठून, पूल ओलांडून परळच्या ‘टाटा’ कर्करोग रुग्णालयात पोचतात.

मुलांच्या फुप्फुसातली गाठ बहुधा दुसरीकडून, मूत्रपिंडातून किंवा हाडातून, आलेली असते. फुप्फुसातच उगवलेली गाठ दुर्मीळ. प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा ही त्यातलीच; तिला स्वतंत्र ओळख मिळाली १९८८ साली. तिच्या पेशी गर्भातल्या कच्च्या पेशींसारख्या असतात. तान्ह्या वयात ती हवेच्या फुग्यांसारखी दिसते, तीन-चार वर्षांच्या मुलात भरीव होते. फुग्यातून सुईच्या हाती फारसं लागत नाही. तो शस्त्रक्रियेनं काढूनच तपासतात. सुई कामाला येते ती भरीव गाठीत.

सुई असते रक्त काढायच्या सुईएवढी बारीक. मुलाला गुंगी देऊन, सोनोग्राफी किंवा सीटीवर नजर ठेवून ती गाठीत नेतात आणि काही क्षण मागेपुढे हलवतात. हवा गळण्याचा धोका असतो, म्हणून मुलाला नंतर काही तास नजरेखाली ठेवतात. बाहेर येतो एखादा थेंब. तो काचपट्टीवर टाकून दुसऱ्या पट्टीनं अलगद ओढायचा. जोर लावला तर पेशी चिरडतात. काही पट्ट्या लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायच्या, काही हवेत सुकवायच्या. दोन्हींचे रंग वेगळे. सुईत उरलेलं धुऊन मेणात बसवतात, पुढच्या तपासण्यांसाठी.

सूक्ष्मदर्शकाखाली गर्द निळ्या, लहान, गोल पेशींची गर्दी दिसते. मधेच लांबट पेशी, क्वचित स्नायूच्या फितीसारखी एखादी. मेख इथेच आहे. युइंग सार्कोमा, न्यूरोब्लास्टोमा, रॅब्डोमायोसार्कोमा या सगळ्यांच्या पेशी अशाच लहान, गोल, निळ्या. औषधं मात्र निरनिराळी. म्हणून मेणातल्या पेशींवर डेस्मिन, मायोजेनिन अशा प्रथिनांची चाचणी करतात. तरीही शंका उरली, तर जाड सुईनं तुकडा काढतात. १९४१ साली डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी टाटात प्रयोगशाळा उभारली, तेव्हा अशा चाचण्या नव्हत्या. पण पेशी, वय आणि एक्स-रे शेजारी ठेवून वाचायची शिस्त आजही तीच. नुसत्या पट्टीवरून निकाल देणारा फसतो.

या गाठीचं मूळ २००९ साली सापडलं: डायसर-वन हे जनुक. त्यापासून बनणारं प्रथिन म्हणजे पेशीतली विळी. आरएनएच्या लांब शेंगा चिरून ती बारीक तुकडे करते आणि हे तुकडे इतर जनुकांना आवर घालतात. विळी बिघडली, की वाढ सुटते. बऱ्याच मुलांत हा दोष घराण्यातून आलेला असतो.

म्हणून पट्टीचा निकाल हाती आला, की डॉक्टर आईच्या कडेवरच्या धाकट्याकडेही बघतात. त्याच्या रक्तात तोच दोष निघाला, तर त्याच्या छातीचा स्कॅन करायचा. आत फुगा असलाच, तर तो भरीव होण्याआधी हाती लागावा म्हणून.