मूळ साधनें आणि मुक्त आज्ञावली

संगणकशास्त्र शिकलेला घरांतील एखादा मुलगा दिवसभर नोकरी करून रात्रीं पुन्हां संगणकापुढें बसतो. त्या कामाचा त्यास एक पैसाहि मिळत नाहीं. वर सुटी घेऊन, पदरचा खर्च करून, परगांवच्या परिषदेंत त्याच कामावर व्याख्यान देऊन येतो. वडील मंडळींस हें रुचत नाहीं, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु त्याचा हा उद्योग आहे तरी काय, हें एकदां समजून घ्यावयास हवें.

संगणकास द्यावयाच्या आज्ञांचा मूळ लेख पुष्कळ कंपन्या गुप्त ठेवितात. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं याविरुद्ध चळवळ आरंभिली. मूळ लेख कोणासहि वाचतां यावा, सुधारतां यावा व सुधारून पुन्हां वांटतां यावा, एवढेंच त्यांचें मागणें. १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा मूळ लेखासह जगापुढें ठेविला. आपल्या हातांतील अँड्रॉइड फोनांत तोच गाभा आहे.

खानदेशच्या वाचकांस ही रीत परकी वाटूं नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापलीं, तेव्हां केवळ आपले निष्कर्ष न सांगतां अस्सल कागदच लोकांच्या हातीं दिले. ज्यास शंका असेल त्यानें खुशाल पडताळून पाहावें! ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते धुळ्यास वारले, व १९२७ सालीं तेथेंच त्यांच्या नांवें संशोधन मंडळ स्थापन झालें.

मराठीचा यांत लाभ कोणता? 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरांतल्या. हा भेद हिंदीस लागत नाहीं, म्हणून हिंदीच्या बेतानें केलेल्या टंकांत तो बिघडण्याचा संभव असतो. आपलें 'ॲ' हें अक्षर तर युनिकोडमध्यें २००८ सालीं आलें. रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं 'लोहित' हे भारतीय लिपींचे टंक मुक्त परवान्याखालीं दिले. अशा टंकांत दोष दिसला तर जळगांवच्या वसतिगृहांतील विद्यार्थीहि मूळ उघडून दुरुस्ती सुचवूं शकतो.

परिषदांचेंहि तसेंच. २००९ सालीं बंगळुरास पहिली 'पायकॉन इंडिया' भरली. अशा ठिकाणीं वक्तृत्वाचा फुलोरा कोणी अपेक्षीत नाहीं. वक्ता आपलें काम मांडतो, श्रोते उणिवा काढतात, आणि एखादा नवा सहकारी मिळाला तर फेरी सार्थकीं लागली.

वडिलांची काळजी मात्र अगदींच निराधार नाहीं. 'एक्सझेड' नांवाच्या लहानशा आज्ञावलीचा भार मुख्यतः एकाच स्वयंसेवकावर होता. त्याच्या थकव्याचा लाभ घेऊन एका अज्ञात इसमानें त्याचा विश्वास संपादिला व तींत चोरवाट ठेविली. २०२४ सालीं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकांत प्रवेश होण्यास किंचित् अधिक वेळ लागतो असें दिसलें; तेवढ्यावरून त्यानें खोल तपास केला व तें कपट उघडकीस आणिलें. तेव्हां, मुलानें हें काम सोडावें असें आम्ही म्हणणार नाहीं. एकट्यानें वाहूं नये, इतकें अवश्य म्हणूं.

आणि काम शेजारींच पडलें आहे. अहिराणीस जागतिक भाषासूचींत स्वतंत्र संकेत आहे. पण तिच्या शब्दांची शुद्ध यादी करणें हें धुळें-जळगांवच्या जाणत्या माणसांचेंच काम. आज्ञावली नातू लिहील. शब्द त्यास कोणीतरी सांगावयास हवेत.